दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बिघडलं: वकिलाकडे काय घेऊन जायचं आणि त्याला काय विचारायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “आईचं (वय ५४) चौदा महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी खाजगी हॉस्पिटलात पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले, तेव्हा आम्हीच पुण्याला हलवलं. तिथं कळलं की पित्ताची नळी कापली गेली आहे. दुसरं मोठं ऑपरेशन, तेवीस दिवस अॅडमिट, सात लाखांवर खर्च. आई वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. एका वकिलांना भेटलो. ते म्हणाले, पन्नास लाखांचा दावा लावू. आधी पोलिसांत ३०४-अ टाकू म्हणजे डॉक्टर तडजोडीला येतो. मिळतील त्यातले तीस टक्के माझे. कोर्ट फीसाठी आत्ता चाळीस हजार द्या. पुढं जावं का? अशा केसमध्ये वकिलाबरोबर काम कसं करायचं असतं?”

मी कोल्हापुरात वकिली करते. एकवीस वर्षं झाली, निम्मं काम ग्राहक आयोगातलं, आणि त्यात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारी बऱ्याच. बहुतेक वेळा रुग्णाच्या बाजूने उभी राहिले, काही वेळा डॉक्टरांच्या बाजूनेही. त्यामुळे समोरचा वकील तुमचे कागद कसे वाचतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही वकिलाबद्दल विचारलंय, पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: चूक नेमकी कोणत्या दिवशी झाली, आणि ती कागदावर दिसते का? तुमचा सगळा राग “नळी कापली” यावर आहे, आणि तो साहजिक आहे. मला मात्र तुमच्या मजकुरातले “तिसऱ्या दिवसापासून” आणि “आठव्या दिवशी” हे शब्द जास्त महत्त्वाचे वाटले.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्ताच्या मुख्य नळीला इजा होणं ही वैद्यकशास्त्रात माहीत असलेली गुंतागुंत आहे. ती क्वचित होते, पण मुरलेल्या सर्जनच्या हातूनही होते. सूज असेल, चिकटलेलं असेल, नळ्यांची रचना वेगळी असेल, तर धोका वाढतो. समोरचे वकील पहिल्याच उत्तरात सर्जरीच्या पाठ्यपुस्तकाची पानं जोडतील आणि म्हणतील, “ही ज्ञात गुंतागुंत आहे, हलगर्जीपणा नव्हे.” नुसत्या इजेवर केस उभी केलीत तर बऱ्याच वेळा तिथंच अडकाल. न्यायालयं वर्षानुवर्षं हेच सांगत आलीत की गुण आला नाही किंवा गुंतागुंत झाली म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्याच्या जागी सर्वसाधारण कौशल्य असलेल्या दुसऱ्या डॉक्टरने जे केलं असतं, ते त्याने केलं का, एवढंच पाहिलं जातं.

पण त्रास सुरू झाल्यानंतरचे पाच दिवस ही वेगळी गोष्ट आहे. या ऑपरेशनचे रुग्ण साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. ज्याचं पोट तिसऱ्या दिवशी फुगतंय, दुखणं वाढतंय, त्याची सोनोग्राफी करायला हवी, रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) बघायला हवं, आणि शंका आली तर मोठ्या ठिकाणी पाठवायला हवं. तुमच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी सोनोग्राफी केली असेल, पोटात पाणी दिसल्यावर तुम्हाला “पुण्याला न्या” सांगितलं असेल आणि घरच्यांनी दोन दिवस घेतले असतील, तर केस अवघड आहे. पाच दिवस एकही तपासणी न करता गॅसचं इंजेक्शन चालू ठेवलं असेल, तर केस चांगली आहे. यातलं काय घडलं ते मला तुमच्या दहा ओळींवरून कळत नाही, आणि भेटीच्या पहिल्या पंधरा मिनिटांत पन्नास लाखांचा आकडा सांगणाऱ्या वकिलालाही ते कळलेलं नाही.

डॉक्टरच्या कर्तव्याची जुनी आणि आजही चालणारी मांडणी आपल्याच भागातल्या एका प्रकरणातून आली आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतजवळ अपघातात मांडीचं हाड मोडलेल्या विशीतल्या मुलाला पुण्याला आणलं, आणि तिथं उपचारादरम्यान तो गेला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल १९६८ साली लागला. न्यायालयाने तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. ऑपरेशननंतर लक्ष ठेवणं हे याच तिसऱ्यात येतं. २०१९ साली भोपाळच्या एका डेंग्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णावर वेळेवर लक्ष न ठेवल्याबद्दल पंधरा लाखांची भरपाई दिली. तिथंही वाद औषध चुकलं की नाही यापेक्षा मधल्या तासांत कोण काय बघत होतं याचा होता.

म्हणून वकील पक्का करण्याआधी, निदान त्याच आठवड्यात, कागद मिळवा.

पहिल्या हॉस्पिटलकडून तुमच्याकडे डिस्चार्ज कार्ड आणि बिलं असतील. ते पुरत नाही. तुम्हाला पूर्ण इनडोअर केस पेपर हवेत: दाखल करतानाच्या नोंदी, संमतीपत्र, भुलेच्या नोंदी, ऑपरेशन नोट्स, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सेस नोट्स, तापमान-नाडी-बीपीचा तक्ता, पोटात गेलेलं आणि बाहेर आलेलं मोजलेला तक्ता, औषधांचा तक्ता, सगळे रिपोर्ट आणि फिल्म. ऑपरेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं का तेही विचारा, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळ ठिकाणी होतं. साधा अर्ज आईच्या सहीने करा, आवक शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, म्हणजे तुमचे अजून असायलाच हवेत. दिले नाहीत तर तेच पुढं तुमच्या बाजूचा मुद्दा होतं.

अर्जात आरोप लिहू नका. “पुढील उपचारासाठी व माहितीसाठी” एवढं पुरे. हे मी अनुभवाने शिकले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाळंतपणाच्या प्रकरणात मी आधी कडक नोटीस पाठवली आणि मग कागद मागितले. कागद आले, पण सगळी पानं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी स्वच्छ होती. चार दिवसांच्या नोंदी, तीन वेगवेगळ्या पाळ्यांच्या नर्सेस, आणि अक्षर एकच. आम्ही तो मुद्दा मांडला, पण मूळ कागद काय होते ते आम्हाला शेवटपर्यंत दाखवता आलं नाही. त्या बाईंची माफी मी मनात आजही मागते. तेव्हापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग तज्ज्ञाचं मत, मग नोटीस. तुमच्या वकिलाचा क्रम उलटा असेल तर त्याला कारण विचारा.

कागद हातात आले की सर्वात आधी नर्सचा तक्ता बघा. डॉक्टरांच्या नोंदी कधीकधी नंतर सवडीने लिहिल्या जातात, नर्सची नोंद बहुतेक त्या-त्या तासाची असते. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातलं पान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. निळ्या रेघांचा कागद, डावीकडे वेळा. सकाळी सहाला नाडी ९६. दहाला १०८. दुपारी दोनला ११६, पुढं नर्सने लिहिलंय “पेशंट पोट दुखतंय म्हणतो, आरएमओ यांना कळवले” (आरएमओ म्हणजे हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर). संध्याकाळी सहाला १२४. रात्री दहाला १३०, ताप १०१. आणि त्याच दिवशीची डॉक्टरांची नोंद एका ओळीची: प्रकृती ठीक, हीच औषधं चालू ठेवा. खाली सही, पण वेळ लिहिलेली नाही. ते एक पान आम्ही मोठं करून आयोगापुढे ठेवलं. बाकी तीनशे पानांवर फार बोलावंच लागलं नाही.

तुमच्या पुण्याच्या हॉस्पिटलचे कागद तितकेच मोलाचे आहेत, किंबहुना जास्तच. पोहोचल्यावर आईची अवस्था काय होती, पोटातून किती पित्त काढलं, एमआरसीपीमध्ये (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) नळी कुठं तुटलेली दिसली, जंतुसंसर्ग किती पसरला होता, हे सगळं तिथं तारखेसह आहे. त्या सर्जनला “आमच्या बाजूने साक्ष द्या” असा आग्रह लगेच धरू नका. पुष्कळ डॉक्टर आपल्याच व्यवसायातल्या माणसाविरुद्ध उभे राहायला कचरतात, आणि ताण आला की फोन उचलणं बंद करतात. त्यांचा कागदच बोलतो. फार तर डिस्चार्ज समरीत निदान आणि आल्यावेळची स्थिती पूर्ण लिहून मागा.

आणखी एक कागद शोधा. आईला हलवताना तुमच्याकडून “आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत” असं लिहून घेतलं होतं का? घेतलंच असेल. घाबरू नका, त्या सहीने आधीच्या पाच दिवसांतला हलगर्जीपणा माफ होत नाही. पण वकिलाला ते पहिल्या भेटीतच सांगा. समोरून आल्यावर कळलं तर उत्तर तयार करायला वेळ मिळत नाही. तसंच संमतीपत्र नीट वाचा. इंग्रजी छापील फॉर्मवर कोऱ्या जागा तशाच ठेवून सही घेतलेली असते, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. ऑपरेशनचे धोके आणि पर्याय रुग्णाला समजतील असे सांगायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या बाबतीत तो दुय्यम मुद्दा ठरेल असं मला वाटतं, पण सोडायचा नाही.

आता घरी बसून एक काम करा. ते वकील करून देणार नाही, आणि पैसे देऊनही दुसऱ्याकडून नीट होणार नाही. दोनशे पानी वही घ्या. दाखल केल्यापासून पुण्याहून घरी येईपर्यंत प्रत्येक दिवसाला एक पान. त्या दिवशी आईला काय होत होतं, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले, तुम्ही काय विचारलं, कोणती औषधं बाहेरून आणायला लावली. मेडिकलच्या पावतीवर वेळ छापलेली असते. फोनमधले फोटो, बहिणीला पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, हॉस्पिटलला केलेल्या कॉलची यादी, गूगल पेची नोंद, या सगळ्यातून तासांचा हिशोब लागतो. मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नका. माझ्या एका पक्षकाराच्या मुलीने आईचा सुजलेल्या पोटाचा फोटो मामाला पाठवला होता, खाली लिहिलं होतं “डॉक्टर म्हणतात गॅस”. पाठवल्याची तारीख आणि वेळ वर होतीच. कुठल्याही साक्षीदारापेक्षा तो फोटो भारी पडला.

आणि त्या वहीत स्वतःच्या बाजूच्या गोष्टीही लिहा. आईला साखर आहे का, मिश्री लावतात का, मधे घरचा काढा दिला का, डॉक्टरांनी सांगितलेली एखादी तपासणी पैशामुळे टाळली का. एका कुटुंबाने माझ्यापासून लपवलं होतं की वर्षश्राद्धासाठी रुग्णाला एक रात्र घरी नेऊन परत दाखल केलं होतं. डॉक्टरांच्या जबाबात ते तारखेसकट आलं. त्या रात्रीचा आणि झालेल्या चुकीचा काही संबंध नव्हता, चूक त्याच्या आधीची होती. पण “तक्रारदार खरं सांगत नाहीत” हा ठपका एकदा बसला, तो पुसता आला नाही. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, तसं ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

तज्ज्ञाच्या मताचं काय? तक्रार दाखल करायला तज्ज्ञाचं मत जोडलंच पाहिजे असं नाही. पोटात टॉवेल राहिला, उजव्याऐवजी डावा पाय कापला, अशा प्रकरणात गोष्ट उघड असते. तुमचं प्रकरण तसं नाही. नळीची इजा, तिची लक्षणं, कधी ओळखायला हवी होती, हे सर्जनच सांगू शकेल. मी अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या सर्जनकडे कागद नेते आणि आधी फक्त वाचून घेते, लेखी मत नंतर. तीन प्रश्न विचारते: इजा टाळता आली असती का, ती कोणत्या दिवशी ओळखायला हवी होती, आणि त्या दिवशी ओळखली असती तर आज काय वेगळं असतं? तिसरा प्रश्न लोक विसरतात. चौथ्या दिवशी पाठवलं असतं तरी तेच ऑपरेशन, तेवढाच खर्च झाला असता, असं उत्तर आलं तर भरपाई बरीच खाली येते. वाचून घेतल्यावर “यात काही नाही” असं सर्जनने सांगितल्याने मी कितीतरी प्रकरणं परत पाठवली आहेत. ते सांगणं जड जातं, पण पाच वर्षं खेटे घालून हरण्यापेक्षा ते बरं.

आयोग स्वतःहूनही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे कागद पाठवतो. तिथून कधीकधी दोन ओळींचं उत्तर येतं: “उपचारात हलगर्जीपणा आढळत नाही.” असा अहवाल आयोगावर बंधनकारक नसतो, पण कारणांशिवायचं मत खोडायला कष्ट पडतात. म्हणून समितीला कोणते प्रश्न पाठवायचे हे तुमच्या वकिलाने लिहून द्यायला हवं. “हलगर्जीपणा झाला का?” असा एकच प्रश्न गेला की उत्तर “नाही” येतं. “अमुक तारखेला नाडी ११६ असताना आणि पोट फुगलेलं असताना सोनोग्राफी करायला हवी होती का?” असं विचारलं की समितीला विचार करावा लागतो.

आता तुमच्या वकिलांच्या चार वाक्यांकडे येते. व्यवसायातल्या माणसाबद्दल असं लिहिणं मला सुखाचं नाही, पण तुम्ही विचारलंय.

तीस टक्के: बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं भारतात वकिलाला चालत नाही. अमेरिकेत असं होतं म्हणून लोकांना ते रास्त वाटतं. इथं फी ठरावीक असते: कागद वाचून मत देण्याचे इतके, तक्रार तयार करून दाखल करण्याचे इतके, पुराव्याच्या टप्प्याला इतके, युक्तिवादाला इतके. हे लिहून घ्या आणि पावती मागा.

३०४-अ: जुन्या दंड संहितेतलं ते कलम निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याबद्दलचं होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. तुमची आई, देवाच्या कृपेने, हयात आहे. ते कलम इथं लागतच नाही. इजेसंबंधीची वेगळी कलमं आहेत, पण डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी साधा नव्हे, घोर हलगर्जीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून ठरलेलं आहे. तडजोडीसाठी दबाव म्हणून पोलीस तक्रार करणं तर चुकीचंच. ती टिकली नाही की समोरचे तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्या विरुद्ध लावतात.

चाळीस हजार कोर्ट फी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या आयोगात जायचं आणि शुल्क किती, हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सेवेबद्दल किती मोबदला दिला, यावर ठरतं. पहिल्या हॉस्पिटलचं बिल तुम्ही लिहिलेलं नाही, पण तालुक्याच्या गावी हे ऑपरेशन पाच लाखांच्या आतच झालं असणार. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग. तुमची तक्रार साताऱ्यातच होईल, कारण तक्रारदार राहतो तिथं दाखल करायची मुभा या कायद्याने दिली आहे. त्या चाळीस हजारांत त्यांची स्वतःची फी असेल तर ठीक, पण तिला कोर्ट फी म्हणू नये.

पन्नास लाख: आकडा कागदांवरून येतो. पुण्याचं बिल, औषधं, गाडीभाडं, तुमचा बुडालेला पगार, पुढच्या तपासण्यांचा खर्च, आईची वेदना, घरात आणि शेतात त्या जे काम करत होत्या त्याचं मोल. बाईच्या घरकामाला किंमत असते हे न्यायालयं मानतात. हा हिशोब मांडून जो आकडा येईल तो मागा. आधाराशिवाय फुगवलेली मागणी पहिल्याच दिवशी तुमचं वजन कमी करते. लोक कोलकात्याच्या कुणाल साहा प्रकरणातल्या सुमारे सहा कोटींचा दाखला देतात. पण त्यांच्या पत्नीचा मृत्यू १९९८ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल २०१३ चा, हे कुणी सांगत नाही.

मुदतीबद्दल ढिलाई नको. कारण घडल्यापासून दोन वर्षं. पुण्यात निदान झालं त्या दिवसापासून मोजावी असं म्हणता येतं, पण तुम्ही ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे तुमच्याकडे दहा महिने आहेत. कागदाला एक, तज्ज्ञाला दोन, नोटिशीला एक, मसुद्याला एक, तरी वेळ उरतो. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यावर वाद घालायची वेळ कशाला आणायची? कायद्यात निकालाची मुदत तीन ते पाच महिन्यांची लिहिली आहे, प्रत्यक्षात जिल्हा आयोगातच दोन-तीन वर्षं धरा, पुढं अपील. मृत्यू किंवा गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणं आयोगाच्या मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत. मात्र दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड करायला आडकाठी नसते, आणि डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीशी बोलणी होतातही. तिला पहिल्यापासून पक्षकार करायला सांगा.

हे झालं खाजगी हॉस्पिटलचं. बिल विमा कंपनीने भरलं असेल तरी तुम्ही ग्राहक ठरता, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात आलं आहे. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर ते वकिलाला आधी सांगा, समोरचे त्यावर हरकत घेतात. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचं प्रकरण पूर्ण मोफत सरकारी दवाखान्यातलं असेल, तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा. तोही बंद नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाईंच्या पोटात टॉवेल राहून त्या दगावल्या, आणि राज्य सरकारला जबाबदार धरलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द मात्र १९९६ साली आला.

वकील निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी बघा. त्याने तुमचे कागद स्वतः वाचले का? दुसऱ्या भेटीत त्याने तारखांवरून तुम्हाला प्रश्न विचारले तर वाचले. आणि तुमच्या केसची कमजोर बाजू तो स्वतःहून सांगतो का? मूळ कागद कुणालाही देऊ नका, आयोगाला दाखवायच्या दिवशी न्या. वकीलपत्रावर सही करताना कोऱ्या जागा भरून घ्या. दाखल झालेल्या प्रत्येक पानाची प्रत मागा आणि केस नंबर मिळाला की ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तारखा स्वतः बघत जा. वकील बदलायचा झाला तर बदला. फी बाकी आहे म्हणून वकील पक्षकाराचे कागद अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तन असेल तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. म्हणूनच आधी नीट पारखून घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सातारच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तक्रारदार आई असल्याने, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नसल्याने, त्यांना मोफत वकील मिळू शकतो.

मधल्या काळात डॉक्टरांच्या नावाने गावच्या ग्रुपवर काही टाकू नका. हॉस्पिटलात चार माणसं घेऊन जाऊ नका. आपल्याकडच्या २०१० च्या कायद्याने डॉक्टरांवरचा हल्ला किंवा तोडफोड अजामीनपात्र गुन्हा आहे. “पैसे दे नाहीतर बदनाम करतो” हे खंडणीत जातं. सगळं चांगलं चाललेलं प्रकरण एका संध्याकाळच्या रागाने गेलेलं मी पाहिलंय.

शेवटी एक गोष्ट राहिली, आणि ती तुमच्या प्रश्नात कुठंच नव्हती. आई काय म्हणतात? ऑपरेशन त्यांचं झालं, तक्रारदार त्या आहेत, शपथपत्रावर सही त्यांची लागणार आहे आणि लेखी प्रश्नावलीची उत्तरंही त्यांनाच द्यावी लागतील. पुढच्या वेळी वकिलाकडे जाताना त्यांना बरोबर न्या, आणि त्यांना बोलू द्या, मधे बोलू नका. कॉटवर पडलेल्या माणसाला पुष्कळ आठवत असतं. कोणती नर्स रात्री दोनदा येऊन पोटाला हात लावून गेली, तिने बाहेर जाऊन कुणाला फोन लावला, त्यावर पलीकडून काय सांगितलं गेलं. तुम्ही त्या वेळी खाली मेडिकलच्या रांगेत होतात.